बुड नसलेली सात मडकी

सासूबाईंचे डोळे वाचावेत म्हणून मी घरातली चूल बदलली, असं मी आजवर सांगत आले. सुनांना सांगितलं, नातसुनांना सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या. आता ऐंशी ओलांडली. खोटं बोलून मिळवावं असं काही उरलेलं नाही, म्हणून खरं लिहिते. सासूबाईंचे डोळे हे दुसरं कारण. पहिलं कारण माझं नाक.

रोज सकाळी भाकरी थापून उठले की नाकाच्या शेंड्यावर काजळी, डोळे लाल, आणि मालक विचारायचे, "रडून राहिलीस का?" मी सोळा-सतरा वर्षांची आणि स्वतःला फार देखणी समजणारी. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, पण माझ्या तोंडाकडे बघून नवऱ्याला दुसरा प्रश्न कधी सुचलाच नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. आमच्याकडे निजामाचं राज्य. लढाई नेमकी कुठे चालली आहे हे गावात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पण रॉकेल मिळेना आणि काड्यांची पेटी मिळेना, एवढी ती आमच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. कुरुंद्याजवळचं आमचं गाव. मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट माळवद. स्वयंपाकघराला खिडकी नाही. उजेडासाठी माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. धुरानंही तिथूनच जावं अशी घरच्यांची इच्छा. पण चूल एका अंगाला, साणं दोन हात अलीकडे, आणि धुराला वाट कोण दाखवणार? तो आधी घरभर हिंडायचा, उतरंडीमागे जाऊन यायचा, कणगीवर टेकायचा, आणि कंटाळला की मग बाहेर जायचा.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई, मालक आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचे डोळे सदा पाझरत. तवा तापला का हे त्या डोळ्यांनी बघत नसत, वरून तळहात धरून ओळखत. एकदा तो तळहात तव्यावरच टेकला. बाई हूं की चूं नाही. हात राखेत खुपसला आणि माझ्यावर खेकसल्या, "काय बघून राहिलीस? भाकरी उलट." तेव्हा दुसरं कारणही अगदीच खोटं नव्हतं.

माहेरी असताना नांदेडात एका अंमलदाराच्या घरी मी धुराडं पाहिलं होतं. चुलीच्या मागून नळ निघतो, भिंतीला धरून वर जातो, आणि घरात धूर म्हणून नाही. ते मी सासरी आल्यापासून तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आत्याबाई म्हणाल्या, "मग अंमलदाराच्याच घरी पडायचं व्हतं." विषय संपला.

चुलीला हात लावायची सोयच नव्हती. ती चूल आत्याबाईंच्या सासूनं घातलेली. आणि तिच्यातला विस्तव तर चुलीहून मोठा. स्वयंपाक झाला की निखारे राखेखाली झाकायचे, पुन्हा लागले की उकरून फुंकायचे. आत्याबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं हाच विस्तव त्यांच्या हवाली केला होता. तो या घरात कधी विझला नाही, असं त्या सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज देवापुढे बोलल्यासारखा व्हायचा. काडी ओढून केलेल्या जाळाला त्या परका म्हणत.

माघात खबर आली की वन्स, म्हणजे मालकांची बहीण, बाळंत झाली. दुसरी खेप, म्हणून सासरीच. तिचं घर पूर्णेच्या अंगाला, आता जिथे सिद्धेश्वराचं धरण आहे त्या बाजूला. आत्याबाई बारशापर्यंत राहणार होत्या. त्यांना न्यायला तिकडची गाडी आली. नेमकी त्याच दिवसांत आमच्या रानात हळद शिजवायची होती. आमच्याकडचा रिवाज असा, की हळदीच्या भट्टीला पहिला विस्तव घरच्या चुलीतला, आणि तोही घरच्या कर्त्या बाईच्या हातचा. आत्याबाईंनी खापरात निखारे घेतले, रानात जाऊन काहिलीखाली जाळ केला, आणि तशाच गाडीत बसल्या. बसता बसता मला म्हणाल्या,

"विस्तव संभाळ. आणि तुज्या टकुऱ्यात काय चाललंय ते मला कळत न्हाई असं समजू नको. चुलीला हात लावलास, तर आल्याबरोबर आपली गाडी जुंपायला लावीन. सरळ तुज्या माहेराला."

मी मान हलवली. मान हलवणं मला फार छान जमायचं. आणि त्याच दिवशी कुंभाराच्या आव्यात माझी सात मडकी भाजून निघत होती.

तो सौदा पंधरा दिवस आधीचा. गाठीला काही नव्हतं. पत्र्याचा नळ, विटा, यांचं नाव काढायचीही माझी ऐपत नव्हती. मग आईनं दिलेली दोन जुनी लुगडी काखेत मारून मी कुंभारीण मावशीच्या अंगणात जाऊन बसले.

"सात मडकी पायजेत, मावशी. पण बुड नको."

मावशीचं थापटणं हवेतच थांबलं. "बुड नको? मग पाणी काय हातावर धरशील?"

"पाणी न्हाई, धूर न्यायचाय. एकावर एक रचून."

"माय माय माय! अगं, बुड फुटलेलं मडकं घरात कवा लागतं, ठाऊक हाय का तुला?"

ठाऊक होतं. माणूस गेल्यावर लागतं. हे मला सुचलंच नव्हतं आणि आता अंगावर काटा आला. मी लुगडी उचलून निघाले, तर मावशीची नजर लुगड्यांवर. काठ चांगले होते. ती म्हणाली, "बस खाली. फोडून देत न्हाई, बिनबुडाचीच घडवून देते. ज्याला जलमापासून बुड न्हाई, ते फुटलं कसं म्हणायचं? त्या लुगड्यांची मला वाकळ शिवून दे. दाट शिव, म्हाताऱ्याला थंडी लई वाजती."

बोटं सुजेपर्यंत मी ती वाकळ शिवली. पण आत्याबाई गेल्या आणि माझा धीर त्यांच्याच गाडीत बसून गेला. मडकी गोठ्यात कडब्याखाली लपवलेली. रोज सकाळी उठून मी कडबा उचलायची, मडकी मोजायची, पुन्हा झाकायची. म्हैस माझ्याकडे बघत राही. अशा सहा सकाळी गेल्या. मालक भट्टीवरच मुक्कामाला, त्यांची भाकरी मी रानात पोचवायची. घरात मी आणि ती चूल. तिच्याकडे पाठ केली की वाटायचं, ती माझ्याकडे बघून राहिली आहे.

सातव्या दिवशी मी डोळे मिटून कुदळ घातली. दोन घाव चुलीवर बसले, तिसरा माझ्या अंगठ्यावर. चूल आतून विटेसारखी लाल झाली होती, आणि वर शेणामातीच्या पोताऱ्याचे थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. ते मोजायला बसले असते तर तिथेच रडले असते. कुदळ घालण्याआधी मी सगळे निखारे मोठ्या खापरात काढले, वर भरपूर राख घातली, आणि खापर अंगणात भिंतीच्या आडोशाला ठेवलं. एवढी अक्कल मला होती. एवढीच होती.

नवी चूल वीतभर उंच, आणि बरोबर साण्याखाली. माती नदीच्या गाळाची, तीत भुसा आणि घोड्याची लीद. मावशीनं बजावलं होतं, "राख घाल बरं का भरपूर, न्हाईतर भेगा पडतेल." राख कमी पडली. जुन्या चुलीची राख मी मोठ्या साफसफाईच्या झपाट्यात उकिरड्यावर नेऊन टाकली होती. मग शेणामातीत कोपरापर्यंत बुडालेली मी इकडे तिकडे बघते, तर हाताशी खापर, आणि खापरात वरपर्यंत राख. मऊ, पांढरी, चाळल्यासारखी. एक ओंजळ घेतली. गारा छान झाला. म्हणून आणखी एक. गाणं म्हणत म्हणत मी ती घेत होते, हे मला आठवतं, आणि आजही कान धरावेसे वाटतात.

दुपारी चूल उभी राहिली. मागच्या बाजूला मडक्याच्या तोंडाएवढं भोक, त्यावर पहिलं मडकं, मग दुसरं, मग तिसरं, सांध्यांना माती. सातव्याचं तोंड साण्यातून बाहेर, भोवतीची फट माळवदावर चढून मातीनं लिंपली. वरून माती सांडू नये म्हणून सातव्यात गवताचा बोळा कोंबला. खाली येऊन लांबून बघितलं. जरा वाकडं होतं, कमरेत लचक भरलेल्या बाईसारखं. पण उभं होतं. मग भाकरीसाठी विस्तव घ्यायला अंगणात गेले.

खापरात बोटभर पांढरी पूड आणि चार काळे तुकडे. वर राख राहिली नाही, वारा लागला, निखारे जळून गेले. जमिनीपर्यंत वाकून फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, खापरात काही चमकलं नाही. विस्तवाचं पांघरूण ओढून मी चुलीच्या अंगाला लावलं होतं.

कोनाड्यात काड्यांची पेटी होती, तीत तीन काड्या. पहिलीचं डोकं गळून पडलं. दुसरी हातात घेतली आणि ठेवली. परका जाळ नव्या चुलीत घालायचा, आणि तोंड मिटून बसायचं? माझं तोंड मला ठाऊक होतं. शेजारी विस्तव मागायला जावं, तर आत्याबाई वेशीत पाय ठेवायच्या आत बातमी त्यांच्या कानात. मी रिकामं खापर मांडीवर घेऊन बसले, लेकराला घेऊन बसावं तशी.

तेवढ्यात औंढ्याच्या बाजारातून परतणारा एक गाडीवान दारात थांबला. "तुमच्या म्हातारीचा निरोप हाय. बारशाला थांबत न्हाई. तिकडल्या खोलीत धूर लई, डोळे सुजले. उद्या दिवस बुडायच्या आत येतेत."

उद्या! ओली चूल, थंड खापर, आणि उद्या. त्या दिवशी मालकांसाठी शिळी भाकरी आणि मीठ-मिरची घेऊन गेले, आणि काही न बोलता परत आले. रात्री माहेरी गेल्यावर आई काय म्हणेल, शेजारणी काय म्हणतील, याची मनात उजळणी केली. आई दारात विचारायची, "काय केलंस?" आणि मी सांगायची, "राख घेतली." एवढ्याशा कारणावरून परत आलेली लेक आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती.

सकाळी खापर पदराखाली घेऊन रानात गेले. काहिलीतून हळदीचं पाणी उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरत होतं. मालक पाला सारत होते.

"थोडा विस्तव पायजे."

"काहून? घरचा कुठं गेला?"

"हाय की. जरा कमी हाय."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत वाळलेली माती. "कमी हाय म्हंजे किती हाय?"

मला रडू फुटलं. मोठ्यानं, हुंदके देऊन, आणि हुंदक्यांतच राखेचं सगळं सांगून टाकलं. आसपास धूर होता, तरी त्या दिवशी त्यांनी मला रडून राहिलीस का असं विचारलं नाही. काठीनं बाभळीचे जाड निखारे बाजूला ओढले, खापरात भरले, वर राख पसरली आणि म्हणाले, "आईच्याच हातचा जाळ हाय हा. बराबर त्योच. त्या दिशी घरातून रानात आला, आता रानातून घरी चालला, एवढंच." मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "आणि तिला सांगायचं झालं, तर मी रानात असताना सांग."

दिवसभर मी ओल्या चुलीत चार चार निखारे ठेवून तिला शेकत बसले. जास्त जाळ केला तर तडकेल, कमी केला तर संध्याकाळपर्यंत वाळणार नाही. एक भेग पडली, ती थुंकी लावून बुजवली. दुसरी पडली. तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं, म्हणजे भेग आहे ते दिसू नये.

दिवेलागणीच्या जरा आधी दारात गाडी वाजली. आत्याबाई उतरल्या. डोळे सुजून चिरा झालेले. मालकही मागोमाग आले, रानातच राहायचं विसरून. आत्याबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या, रोजच्या जागी बसायला वाकल्या, आणि रोजच्या जागी चूल नव्हती. त्यांचा हात हवेत चाचपडला. मग डावीकडे सरकला, नव्या चुलीच्या थानावर, तवा टेकतो त्या उंचवट्यावर, टेकला, मागे मडक्यांवरून वर वर गेला. 

"जाळ कर," त्या म्हणाल्या.

मी तुराट्या घातल्या, फुंकलं. जाळ झाला आणि सगळा धूर मागे न जाता पुढे आला. साणं तर मीच मातीनं लिंपून बंद केलेलं. पूर्वी धुराला एक भोक तरी होतं, आता तेही नाही. क्षणात खोली भरली. मालक खोकत बाहेर. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "धूर घालवायला मडकी आणलीस, का साठवायला?"

आणि मला बोळा आठवला.

पदर खोचला, गोठ्यातली काठी घेतली आणि शिडीवरून माळवदावर चढले. डोक्यावरचा पदर कुठे गेला कळलं नाही. गल्लीतले चार पुरुष वर बघत होते. सून माळवदावर मडक्यात काठी घालून ढोसते आहे, हे त्यांनी कुठे बघितलेलं असणार! तिसऱ्या ढोशाला बोळा निसटला आणि खाली जाळात पडला. मी मडक्यात डोकावले, बोळा गेला का ते बघायला. घरातला सगळा धूर, ठिणग्या आणि काजळी एका दमात वर आली, ती माझ्या तोंडावर. ज्या नाकासाठी हा सगळा उद्योग केला, ते नाक कानापर्यंत काळं.

खाली यायचा धीर होईना. शेवटी हाक आली. "उतर खाली, काळतोंडे. भाकरी कोण थापणार?"

खाली आले तर धूर नाही. खोलीतली उतरंड दिसत होती, कणगी दिसत होती, आत्याबाईंचं तोंड दिसत होतं, आणि तेच मला नको होतं. त्यांनी चुलीतली चिमूटभर राख उचलली, नाकाशी नेली.

"ह्या राखेला हळदीचा वास येऊन राहिला."

मालकांना एकदम बैल आठवले, ते गोठ्यात गेले. आत्याबाईंनी राख खाली झटकली, मला बाजूला सारलं आणि स्वतः पाटावर बसल्या. त्या संध्याकाळी भाकरी त्यांनी केली. दुसऱ्या दिवशीही त्यांनीच. पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला चुलीपाशी बसू दिलं नाही. मी पाणी आणायची, दळायची, भांडी घासायची. विस्तव त्या स्वतःच झाकायच्या, स्वतःच उकरायच्या. शिव्या दिल्या असत्या तर मी निवांत झाले असते. पण त्या शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा मी पाण्याला जाताना त्या कुंभारीण मावशीच्या अंगणात बसलेल्या दिसल्या. मला बघून दोघी गप्प झाल्या. मला वाटलं, झालं, आता साक्षीपुरावा चालला आहे.

सोळाव्या दिवशी भाकरी वाढता वाढता त्यांनी मालकांना सांगितलं, "उद्या सकाळी गाडी जुंप. हिचं गठुडं बांधायला सांग." मी समोरच बसले होते, तरी मला नाही सांगितलं.

कुठे, हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दोन लुगडी, दोन चोळ्या, फणी. सकाळी आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "नीट जा." गाडीत कडब्याखाली काहीतरी दबक्या आवाजात आपटत होतं. म्हटलं, रुखवतात आलेली माझी भांडीही परत धाडली. मी पदरात तोंड घालून जी रडायला लागले, ती कोसभर रडतच होते. रडता रडता माहेरच्यांना काय सांगायचं ते जुळवत होते, आणि त्यात सगळा दोष घोड्याच्या लिदीवर घातला होता.

बऱ्याच वेळानं जाणवलं की पाठ तापली आहे. माहेरच्या वाटेला सकाळचं ऊन तोंडावर येतं. पदर बाजूला करून बघितलं. फाटा मागे राहिला होता आणि गाडी मावळतीला, औंढ्याच्या वाटेला लागली होती.

"वाट चुकली," मी नाक ओढत म्हणाले. एवढं सगळं होऊनही चूक नवऱ्याचीच, अशी माझी खात्री.

"कुणाची?" मालक बैलांकडे बघत म्हणाले. "तिकडं लेकरू धुरात खोकून राहिलंय. आई रोज तेच बोलून राहिली. तू जाऊन चूल घाल, म्हणली."

मी कडबा उपसला. सात मडकी. जन्मापासून बुड नसलेली, नवी कोरी. आणि त्यांच्या मधोमध आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं एक जड गाठोडं. गाठ सोडली तर आत राख. गार, बारीक, दोनदा चाळलेली.

"ही काहून?" मी विचारलं.

मालकांनी पहिल्यांदा मागे वळून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसले. "आईनं दिलीया. म्हणली, सोबत ऱ्हाऊ दे. नाहीतर ही तिथल्या विस्तवावरची उकरायची."